रेघेतला हंस

एकदा एका गावाला एक रेघ मिळाली, आणि ती रेघ त्या गावाने दोन पिढ्या डोक्यावर मिरवली.

गोष्ट जुनी आहे. शाळेत पाटीआधी धूळपाटी येई आणि टाकाआधी बोरू, त्या काळातली. गाव नदीकाठचे, लहानसे. पण तिथले पंतोजी मोठे. ते मोडी लिहायला शिकवीत. आता मोडी लिहिण्याची रीत अशी, की आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच अखंड रेघ ओढायची, आणि मग त्या रेघेला खाली अक्षरे टांगीत जायचे, दोरीवर धोतरे वाळत घालावीत तशी. धोतरे कशीही असोत, दोरी ताणलेली हवी. या पंतोजींची दोरी मात्र ताणलेली नव्हती. त्यांची रेघ निघे ती ऐटीत निघे, कागदाच्या मध्यावर आली की किंचित खाली वाके, लगेच डौलाने वर येई आणि पुढे सुतासारखी जाई. हंसाने पाण्यात चोच बुडवून मान वर काढावी, तशी. म्हणून गावाने त्या वळशाला नाव दिले, हंसाची मान.

या मानेविषयी गावात काय काय सांगत, त्यातले किती पदरात घ्यायचे ते ज्याने त्याने ठरवावे. पंतोजींनी वाण्याकडे हिंगजिऱ्याची चिठ्ठी पाठवली, की वाणी ती चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवी, नमस्कार करी, आणि हिंगजिरे पाठवायचे विसरून जाई. त्यामुळे पंतोजींच्या घरची आमटी कित्येक महिने बिनफोडणीची होत असे. गावातला एक जण भावाशी भांडून दूर वऱ्हाडात गेला, नाव बदलून, दाढी वाढवून कुणा जहागीरदाराचा कारकून झाला. त्याच्या हातचा एक कागद फिरत फिरत गावी आला, तेव्हा त्याच्या आईने रेघेतली मान पाहून तिथल्या तिथे हंबरडा फोडला, की हा माझाच. आईला अक्षर वाचता येत नव्हते. पण लेकरू चालत येत असेल तर चालीवरून ओळखता येते, त्याला नाव वाचावे लागत नाही.

देवळातल्या शास्त्रीबुवांनी तर एका चातुर्मासात या मानेवर प्रवचने केली. रेघ म्हणजे संसार, आणि मधली मान म्हणजे त्यात बुडी मारून कोरडाच वर आलेला जीव, असा अर्थ त्यांनी लावला. पुढच्या वर्षी श्रोते वाढले, म्हणून तोच अर्थ त्यांनी आणखी लांबवला. पंतोजी पुढच्या रांगेत बसून ऐकत. अंगावरचे उपरणे उजव्या हातावर ओढून घेत आणि बोलत काही नसत. लोक म्हणत, थोर माणूस आहे, स्वतःच्या स्तुतीने संकोचतो.

या पंतोजींच्या हाताखाली शिकून त्याच शाळेत दुय्यम पंतोजी झालेला एक तरुण होता. त्याचे नाव सदोबा. पंतोजींचे वळण गावात पुष्कळांनी उचलले होते; पण कुणाच्या रेघेतली मान बदकाची येई, कुणाची कोंबडीची, आणि कुलकर्ण्यांच्या धाकट्या भावाची तर चक्क उंटाची. हंसाची मान साधली ती एकट्या सदोबाला. पंतोजींचा कागद आणि सदोबाचा कागद शेजारी ठेवला तर खुद्द पंतोजींच्या कुटुंबाला, म्हणजे ज्यांना सारे काकू म्हणत त्यांनाही, कुठला कुणाचा ते सांगता येत नसे. त्यासाठी त्याने काय केले नव्हते? नदीवर गेला तर ओल्या वाळूत रेघ ओढी. जेवायला बसला तर ताटातल्या वरणात बोट फिरवी. बायको परातीत पीठ घेऊन भाकरी करायला बसली, की हा पाठीमागून हात घालून पिठात एक मान काढून जाई. ती माउली म्हणे, की माझ्या वडिलांनी जावई पाहिला तेव्हा पत्रिका पाहिली, बोट पाहिलं नाही.

शाळा पंतोजींच्या घराला लागूनच होती, आणि तिथेही सदोबाचा नियम कडक होता. सकाळी मुले धूळपाटीवर रेघ ओढीत. हा छडी घेऊन रांगेतून फिरे आणि प्रत्येक पाटीच्या मध्यावर छडीचे टोक टेकवून विचारी, मान कुठं आहे? ज्याची रेघ नुसतीच सरळ गेली असेल त्याने तळहात पुढे करायचा. सदोबा स्वभावाने दुष्ट मुळीच नव्हता. मारून झाल्यावर तो त्याच मुलाचा हात धरून मान काढून दाखवी, आणि एखाद्याला ती साधली की घरून आणलेला गूळ देई. आपण या मुलांच्या हाती घराण्याचा दागिना घालतो आहोत, असे त्याला अगदी मनापासून वाटे.

अशात शिक्षणखात्याचे डिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, गावी आले. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. त्यांनी बातमी आणली, की खाते आता शिळाछापाचा कित्ता काढणार. शिळाछाप म्हणजे काय, तर खळ लावलेल्या पिवळ्या कागदावर तेलकट शाईने लिहायचे, तो कागद एका गुळगुळीत दगडावर दाबायचा, की अक्षर दगडावर उतरते; आणि मग तो दगड त्याच अक्षराच्या हव्या तितक्या प्रती काढतो. इतके दिवस प्रत्येक पंतोजी आपापल्या शाळेपुरता कित्ता लिही आणि मुले तो गिरवीत. यापुढे साऱ्या इलाख्यातल्या मराठी शाळांत एकच कित्ता जाणार, आणि मुलांची परीक्षा त्याच कित्त्यावर होणार. रावसाहेबांनी हंसाच्या मानेची कीर्ती ऐकली होती. त्यांनी पंतोजींना विचारले. पंतोजी म्हणाले, आता डोळे साथ देत नाहीत, लिहायचाच तर सदोबा लिहील. रावसाहेबांनी ती तेलकट शाई आणि दोन पिवळे कागद सदोबाच्या हाती ठेवले, एक कागद लिहायला आणि एक बिघडला तर असावा म्हणून. महिन्याने परत येतो, म्हणाले. पान मनास आले तर घेऊन जाईन, नाही तर पलीकडच्या तालुक्यात एक पंतोजी आहेत, त्यांचेही अक्षर चांगले आहे असे ऐकतो.

त्या दिवसापासून सदोबाचे पाय जमिनीला लागेनात. कोकणातली मुले, खानदेशातली मुले, ज्यांना हे गाव कुठल्या दिशेला आहे तेही ठाऊक नाही अशी मुले, सकाळी उठून त्याची रेघ गिरवणार होती. माणूस जातो, त्याचा हात जातो, पण दगडावर उतरलेले अक्षर कुठे जाते? एवढे एकच पान रावसाहेबांच्या पसंतीला उतरले, की झाले. त्याने बोरू निवडून घेतले. शाई घट्ट होऊ नये म्हणून दौत उन्हात ठेवली. एक पिवळा कागद पेटीत ठेवून दिला आणि दुसऱ्यावर, रोज स्नान करून, थोडे थोडे लिहीत गेला. रेघेमागून रेघ, मानेमागून मान. पान पुरे झाले तेव्हा त्याला स्वतःलाच त्याच्याकडे सरळ बघवेना, इतके ते सुंदर झाले होते.

रावसाहेब यायच्या आदल्या दिवशी सकाळी तो पान घेऊन पंतोजींकडे गेला. पंतोजी ओसरीवर बसले होते. शेजारी तांब्या होता. त्यांनी पान उजेडाला धरले, जवळ आणले, लांब नेले, आणि कितीतरी वेळ पाहत राहिले. मग रेघेच्या मध्यावर बोट ठेवून विचारले, "हे काय आहे?"

सदोबाला वाटले, म्हाताऱ्याला थट्टेची लहर आली. "हंसाची मान."

"कुणाची?"

"आपली, पंतोजी."

पंतोजींनी पान मांडीवर पसरले. तांब्यात हात बुडवला. आणि तो ओला तळहात पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश फिरवला. खळ सुटली, शाई सुटली, आणि महिनाभराच्या हंसांचा एक काळपट चिखल झाला. पंतोजींनी हात उपरण्याला पुसला. "दुसरा कागद आहे ना तुझ्यापाशी?" एवढे विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता ते आत देवपूजेला निघून गेले.

सदोबा कसा उठला आणि कसा बाहेर पडला, हे त्याला पुढे कधी आठवले नाही. देवळाच्या पायऱ्यांवर शास्त्रीबुवांनी त्याला गाठले आणि काय झाले ते काढून घेतले. शास्त्रीबुवांना अर्थ लावायला वेळ लागत नसे. ते म्हणाले, म्हातारपणी असं होतं. आपलं वळण दुसऱ्याच्या नावावर जगभर जाणार, हे पाहवत नाही. तू मनावर घेऊ नकोस, पण दुसरा कागद त्यांना दाखवूही नकोस.

सदोबा नदीपर्यंत जाऊन आला. मत्सर म्हणावा, तर त्याचे नाव रावसाहेबांना पंतोजींनीच सुचवले होते. भ्रम म्हणावा, तर काल संध्याकाळीच त्यांनी काकूंच्या हिशेबातली चूक काढली होती. राग होता, पण रागाच्या बुडाशी एक कुतूहल वळवळत होते आणि ते काही केल्या गप्प बसेना. इतक्या सुंदर पानावर कुणी शुद्धीवर असताना पाणी का फिरवील?

दुपारी शाळा सुटल्यावर तो शाळेत गेला. पंतोजी एकटेच बसून बोरू तासत होते. सदोबा उभाच राहिला.

"पंतोजी, मुंज झाली त्या वर्षापासून तुमच्या पायाशी बसलो आहे. माझं अक्षर वाईट असेल तर तसं सांगा."

"माझ्याहून चांगलं आहे."

"मग पुसलं का?"

पंतोजींनी चाकू मिटला. उपरणे बाजूला केले, बंडीची बाही वर सारली आणि उजवा हात त्याच्यापुढे धरला. "धर. रेघ ओढतोस तसा हा हात डावीकडून उजवीकडे ने."

सदोबाने गुरूचा हात असा कधीच धरला नव्हता. त्याने मनगट धरले आणि हळूहळू हवेतच रेघ ओढू लागला. अर्ध्या वाटेवर हात अडला. आत काहीतरी बारीक कट्कन वाजले. मनगट आपोआप खाली गेले, हाडाच्या उंचवट्याखालून निसटल्यासारखे वर आले, आणि पुढे बिनतक्रार सरकले. सदोबाने पुन्हा नेऊन पाहिले. पुन्हा तिथेच अडले, तसेच बुडाले, तसेच वर आले. हंस त्याच्या मुठीत होता.

तो हात न सोडता समोर बसला.

पंतोजी म्हणाले, "मी सात वर्षांचा होतो. आमच्या गावचे पंतोजी विद्वान होते आणि त्यांच्या हाती शिसवी छडी असे. मोडी लिहिताना माझी रेघ वाकडी आली. त्यांनी हात पुढं करायला सांगितला. मी भीतीनं तो वळवला, आणि छडी तळहातावर बसायची ती मनगटावर बसली. हाडवैद्यानं बसवलं ते असं बसलं. पुढं मी सरळ रेघ ओढायला गेलो, की अर्ध्यावर कळ येई. ती चुकवायला हात बुडवून वर काढावा लागे. मी अक्षर इतकं घोटलं ते या वाकड्या रेघेकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. आणि लोकांनी त्या रेघेलाच हंस म्हटलं."

"आपण कधीच बोलला नाहीत."

"कसा बोलणार? एकदा कुणी हंस म्हटल्यावर, अहो हे मोडकं मनगट आहे, असं म्हणायला जीभ रेटत नाही. आणि मुलं उचलीत होती ते वळण, मला बरं वाटे. गावापुरतं होतं. उद्या कुणी सरळ लिहिलं असतं तर विसरूनही गेले असते लोक." त्यांनी बाही खाली ओढली. "दगडावर उतरलं म्हणजे राहिलंच ते. आणखी एक सांगतो, ते नीट ऐक. माझी रेघ वाकडी आली म्हणून माझ्या हातावर छडी बसली. काल सकाळी तू रांगेतून फिरत होतास, मी दारातून पाहत होतो. तू सरळ आली म्हणून मारीत होतास. आज आपल्या शाळेत मारतोस. परवा कित्ता छापून गेला, की इलाख्यात जिथं जिथं सरळ रेघ दिसेल तिथं तिथं छडी बसेल, आणि मारणाऱ्याला वाटेल आपण विद्या देतो आहोत. मूल कित्त्यातलं अक्षर घेतं तेव्हा त्याबरोबर लिहिणाऱ्याचं दुखणंही घेतं. त्याला वेगळं करता येत नाही. वेगळं करणं हे आपलं काम. गुरू म्हणून मला ते आजवर जमलं नाही. तांब्या जवळ होता, एवढंच."

मग सदोबाने विचारले ते अगदी पोरासारखे विचारले. "सरळ रेघ कशी ओढायची, पंतोजी?"

"मला काय ठाऊक? मी सातव्या वर्षानंतर ओढलेली नाही. पण वाकली की सांगेन. त्यातलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही."

मग त्या दुपारी शाळेत जो प्रकार झाला तो पाहायला शास्त्रीबुवा नव्हते हे बरे. पंचक्रोशीतला सर्वांत वळणदार हात धूळपाटीपुढे मांडी घालून बसला, आणि त्याला सरळ रेघ येईना. मनगट धडधाकट होते. कळ नव्हती, अडथळा नव्हता. पण मध्यावर आला की हात आपला नमस्कार घालून उठे. पंतोजी भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणत, वाकली. सदोबा धूळ सारखी करी, पुन्हा ओढी. वाकली. त्याने मनगटाला फडके बांधून पाहिले. रेघ कोपरातून वाकली. डोळे मिटून पाहिले. रेघ शाळेच्या दाराकडे निघाली. एकदा त्याने चिडून डाव्या हाताने ओढली, तर ती वाकडीतिकडी आली, आणि तरीही मध्यावर एक मान होतीच. तेव्हा मात्र पंतोजी इतके हसले, की काकू घरातून पाहायला आल्या.

"तू कुठं बघतोस रेघ ओढताना?" हसणे ओसरल्यावर पंतोजींनी विचारले.

"बोरूच्या टोकाकडे."

"म्हणजे मध्यावर आलास की मध्यच दिसतो. तिथं काय करायचं ते हाताला पाठ आहे. जिथं जायचं आहे तिथं बघ."

सदोबाने नजर उचलली आणि पाटीच्या पलीकडच्या कडेवर नेऊन ठेवली. हात निघाला. मध्य केव्हा आला आणि केव्हा गेला हे त्याला कळलेच नाही. त्याने पंतोजींकडे पाहिले. पंतोजी काही म्हणाले नाहीत. ती त्यांची त्या दिवसातली पहिली शाबासकी.

दिवे लागायच्या आत त्याने पेटीतला दुसरा कागद काढला आणि पान लिहून काढले. ज्याला आधी महिना लागला होता ते काम एका संध्याकाळी झाले. सुंदर म्हणावे असे त्यात थोडेच होते. रेघा सरळ होत्या आणि त्यांना अक्षरे टांगलेली होती.

सकाळी रावसाहेब तट्टावरून आले. मुले न्हाऊनमाखून, कपाळाला गंध लावून रांगेत बसली होती, प्रत्येकापुढे धूळपाटी. रावसाहेबांनी पान हाती घेतले, वरून खाली पाहिले, उलटून पाहिले, जणू हंस मागच्या बाजूला जाऊन बसला असेल. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सदोबा, अशी रेघ तर आमच्या कचेरीतला शिपाईसुद्धा ओढील. ती तुमच्या गावची हंसाची मान कुठं आहे? मी तीन मुक्काम करून आलो तो तिच्यासाठी."

सदोबाने सांगितले, की यंदा कित्ता साधाच लिहिला आहे. रावसाहेबांना ते विनयाचे बोलणे वाटले. ते मोठ्या मनाचे गृहस्थ होते. त्यांनी दप्तरातून आणखी एक पिवळा कागद काढला आणि म्हणाले, मान साधत नसेल तर संकोच नको. पंतोजी इथं बसलेच आहेत. रेघा त्यांनी ओढाव्या, अक्षरं तुम्ही टांगा, कित्त्यावर नाव तुमचंच घालू. मी तोवर दूध घेतो.

म्हणजे सगळेच्या सगळे परत हाताशी आले होते. कोकण, खानदेश, दगड, नाव. सदोबाने कागद घेतला. पंतोजी भिंतीशी बसले होते. मान खाली, उजवा हात उपरण्यात. त्यांच्याकडे जायला त्याला मुलांच्या रांगेतून जावे लागले. आणि तो जवळून गेला तसा एक एक मुलगा हळूच पुढे वाकून आपल्या पाटीच्या मध्यावर हात ठेवू लागला. ज्यांच्या रेघा सरळ आल्या होत्या, ते त्या झाकीत होते. रोजचीच सवय होती ती. त्याला इतके दिवस ते मुलांचे लक्ष देऊन बसणे वाटत आले होते.

तो रांगेच्या मधेच थांबला. मागे वळला आणि कोरा कागद रावसाहेबांपुढे ठेवला.

"रावसाहेब, ती मान पंतोजींची आहे. त्यांच्यापाशीच राहू द्यावी."

"म्हणजे द्यायची नाही?"

"शिकवण्यासारखी नाही ती."

रावसाहेबांच्या कपाळावर आठी चढली. तिकडे भिंतीशी पंतोजींचा डावा हात उपरण्याकडे गेला. ते बाही वर करून सगळ्या शाळेपुढे मनगट दाखवणार, हे सदोबाने ओळखले. तो इतक्या घाईने दुधाचा पेला घेऊन मधे आला, की निम्मे दूध रावसाहेबांच्या धोतरावर गेले. पुसापुशी, क्षमायाचना आणि काकूंची धावपळ यांत कोण काय बोलणार होते ते राहूनच गेले. रावसाहेबांनी ओल्या धोतरानिशी तट्टावर मांड ठोकली आणि सांगून गेले, की खात्याला हट्टी अक्षराची गरज नाही, पलीकडच्या तालुक्यातले पंतोजी फार सौजन्यशील आहेत.

गावाने सदोबाला पुष्कळ दिवस क्षमा केली नाही. शास्त्रीबुवांना चातुर्मासाला नवा विषय शोधावा लागला, त्यांनी तर त्याच्याशी बोलणेच टाकले. एका संध्याकाळी पंतोजींनी त्याला विचारले, "वाईट वाटतं का रे?"

"वाटतं."

"वाटू दे थोडं," पंतोजी म्हणाले, आणि पानाचा डबा त्याच्याकडे सरकवला.

सदोबा सकाळी रांगेतून फिरत राहिला. छडी पाटीवर टेकवण्याऐवजी आता तो मुलांना विचारी, कुठं बघत होतास? हळूहळू मुलांचे हात पाट्यांवरून उठले, आणि मग त्याला त्यांच्या रेघा पहिल्यांदाच दिसल्या. एकही दुसरीसारखी नव्हती. तो रोज नव्याने पाहत बसे.

वर्षाने शिळाछापाचा कित्ता आला, पलीकडच्या तालुक्यातल्या पंतोजींनी लिहिलेला. छाप स्वच्छ होता, अक्षर गोल आणि टपोरे. रेघ निघे ती सरळ निघे. फक्त कागदाची उजवी कड जवळ आली, की ती सावकाश खाली झुके. प्रत्येक ओळीत. रावसाहेबांनी प्रस्तावनेत लिहिले होते, की अखेरीस नम्र होणारी ही रेघ विद्यार्थ्यांच्या अंगी विनय बाणवील. मुलांनी कित्ता पुढे घेतला आणि मुकाट्याने शेवटी झुकायला सुरुवात केली.

सदोबाने एक प्रत उचलली आणि सरळ पंतोजींचे घर गाठले. पंतोजी आता फारसे उठत नसत. दोघांनी कित्ता खिडकीशी धरला. विनय काही त्यांना दिसेना.

"डोळे असतील," सदोबा म्हणाला. "उजव्या कडेचं नीट दिसत नसेल."

"डोळे असते तर अक्षरही विस्कटलं असतं. ते बघ कसं आहे, शेवटपर्यंत शहाण्यासारखं." पंतोजींनी ओळीच्या शेवटावरून बोट फिरवले. "कोपर अंगाला घट्ट धर बरं. तसंच धरून ओढ."

सदोबाने कोपर बरगडीशी दाबले आणि जमिनीवर बोटाने रेघ ओढली. खांदा उघडेना, म्हणून हात पुरता लांब जाईना. रेघ शेवटी आपोआप गोल फिरून खाली उतरली. त्याने कित्ता शेजारी ठेवला. हुबेहूब.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग पंतोजींनी दौत त्याच्याकडे सरकवली.

सदोबाने त्या अनोळखी पंतोजींना पत्र लिहिले. वर साष्टांग नमस्कार घातला, कित्ता पोहोचल्याचे कळवले, अक्षराची मनापासून वाखाणणी केली. मुले ते आनंदाने गिरवतील, असे लिहिले. मात्र ओळीचा शेवट आपण त्यांना त्यांच्या त्यांच्या हाताने करू देणार आहोत, त्याचा राग मानू नये, अशी विनंती केली. आणि खाली, थोडी जागा सोडून, एकच गोष्ट विचारली:

आपला उजवा खांदा अलीकडे कसा आहे?